जनावर दिसलं नाही तरी बसून राहा: फोंड्याच्या एका ताईंना उत्तर

फोंडा तालुक्यातल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या एका ताईंनी विचारलं आहे. यजमान गेल्यापासून त्यांचं मन थाऱ्यावर नाही. जपाला बसलं की विचारांची रांग लागते. कुणीतरी सुचवलं, रानात जा, जंगली जनावरं बघ, मनाला शांती मिळेल. म्हणून मुलाबरोबर मोल्याच्या रानात जीपमधून दोनदा जाऊन आल्या, पण दिसलं काहीच नाही. उलट घरामागच्या विहिरीपाशी दिवडाने बेडूक गिळताना पाहिला आणि कितीतरी दिवस तेच डोळ्यांसमोर राहिलं. गुडघे दुखतात, डोंगर चढवत नाही. अशा माणसाला यातून खरंच काही मिळेल का, आणि मिळालं तर त्याला अध्यात्म म्हणायचं की नुसता विरंगुळा, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, मिळेल. गुडघे दुखत असले तरी मिळेल. फक्त ज्या रीतीने तुम्ही शोधायला गेलात ती रीत बदलावी लागेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी सत्तरी तालुक्यातला माणूस. रानात बसणं आणि ज्यांना बसायचंय त्यांना सोबत करणं हेच माझं बऱ्याच वर्षांचं काम, तेव्हा जे सांगतो ते बसून पाहिलेलं सांगतो.

आधी मोल्याचं बघू. तिथलं भगवान महावीर अभयारण्य म्हणजे २४० चौरस किलोमीटरचं रान. गवे, सांबरं, भेकरं, बिबटे, अस्वलं, सगळं तिथे आहे. तरी तुम्हाला काही दिसलं नाही यात नशिबाचा दोष नाही. आपलं रान ताडोबासारखं मोकळं नाही. घाटाच्या उतारावरच्या दाट झाडोऱ्यात नजर दहा-पंधरा पावलांपलीकडे जात नाही. बहुतेक जनावरं रात्री नाहीतर पहाटे-तिन्हीसांजेला हिंडतात, आणि जीपचा आवाज आला की वाटेवरचं जनावर तुम्ही पोचायच्या आधीच आत सरकतं. पुष्कळदा ते तिथेच झाडीआड उभं असतं आणि तुम्हाला जाताना बघत असतं.

पण खरी अडचण जीपची नव्हती. जीपमध्ये बसलात तेव्हा मनात काय होतं ते आठवून बघा. 'आता तरी काहीतरी दिसू दे.' आणि जपाला बसता तेव्हा? 'आता तरी मन शांत होऊ दे.' दोन्हीकडे एकच मागणी. एकीकडे ती रानाकडे, दुसरीकडे स्वतःच्या मनाकडे. माझं ठाम मत असं की रानात जी शांती मिळते ती जनावराच्या दर्शनाने मिळत नाही, ती मागणी गळून पडली की मिळते. जनावराची मदत होते ती एवढ्यासाठी की त्याला आपल्या मागणीशी काही देणंघेणं नसतं. घरी भेटायला येणारी माणसं प्रेमाने येतात, पण ती काही विचारतात, आपल्याला उत्तर द्यावं लागतं, 'बरी आहे' म्हणावं लागतं. शेकरूला, खेकड्याला, गव्याला तुमच्याकडून काहीच नको असतं. दुःखात असलेल्या माणसाला हे किती हलकं करतं, ते मी बरोबर आलेल्यांच्या चेहऱ्यांवर पाहिलं आहे.

तेव्हा वाघ-बिबट्यांचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि निवट्यांपासून, म्हणजे चिखलातल्या त्या लहान माशांपासून, सुरुवात करा.

चोडणला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली झालं, आकाराने दोन चौरस किलोमीटरसुद्धा नाही. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे उतरलं की धक्क्याजवळच आहे. आत खारफुटीतून वाट जाते, चढ नाही. मात्र ओहोटीची वेळ बघून जा, म्हणजे चिखल उघडा पडलेला असतो. पहिल्यांदा दिसतो तो नुसता चिखल आणि त्यातून वर आलेली खारफुटीची श्वासमुळं. काही मिनिटं न हलता थांबलं की चिखलच हलायला लागतो. आधी खेकडे बाहेर येतात. नराची एक नांगी भलीमोठी, ती तो वरखाली हलवत राहतो. मादीला बोलावणं आणि शेजारच्या नराला दम देणं, दोन्ही त्याच हालचालीत. मग एका बिळाच्या तोंडाशी डोक्याच्या अगदी वर असलेले दोन डोळे दिसतात. निवटी. मासा असून पाण्याबाहेर. पुढच्या दोन परांवर भार देत ती चिखलावर येते, थांबते आणि एक डोळा खाली खोबणीत ओढून घेते, ओला करून पुन्हा वर काढते. मग दुसरा. मधूनच कुशीवर लोळते, कारण तिला कातडीतूनही श्वास घ्यायचा असतो आणि कोरड्या कातडीतून तो घेता येत नाही. दुसरी एखादी जवळ आली की पाठीवरचा पर ताडकन उभा राहतो. एखादी उडी, थोडी झटापट, मग पुन्हा चिखल चाळणं, पुन्हा डोळा ओला करणं. भरतीचं पाणी येईपर्यंत तिचं हेच चालतं.

अर्धा तास हेच बघा. विचार येतील. यजमानांची आठवण येईल, घरचं राहिलेलं काम आठवेल, आपण इथे चिखलाकडे काय बघत बसलोय असंही वाटेल. येऊ द्यात. तेवढ्यात निवटी उडी मारते आणि तुमचं लक्ष आपोआप तिच्याकडे जातं. जपात भरकटलेलं मन आपल्यालाच ओढून आणावं लागतं, आणि नवख्या माणसाचा सगळा जीव त्या ओढाताणीत जातो. इथे ते काम जनावर करतं. ते पुढच्या क्षणी काय करणार हे आपल्याला माहीत नसतं, म्हणून मन तिथे थांबतं. ज्यांना डोळे मिटून बसणं जमत नाही त्यांना मी आधी हे करायला सांगतो. मग महिन्या-दोन महिन्यांनी त्याच माणसांचा जपही सुधारलेला मी पाहिला आहे.

बसण्याची रीत सांगतो. घडीचं स्टूल घ्या. गुडघ्यांमुळे खाली बसायचा हट्ट नको. पाठ झाडाला किंवा भिंतीला टेकलेली असावी, त्याने आपला आकार मोडतो आणि पाठही धरत नाही. कपडे मळकट रंगाचे, अत्तर नाही, हातातल्या बांगड्या वाजणार नाहीत एवढं बघा. नजर एका जागी रोखू नका. समोर सैल ठेवा, म्हणजे डाव्या-उजव्या कडेची हालचालही दिसते. रोखलेली नजर जनावराला बोचते; शिकार करणाराच तसं बघतो, हे त्याला ठाऊक असतं. ते तुमच्याकडे बघायला लागलं तर हळूच दुसरीकडे बघा. आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं कसलीच अपेक्षा नको. आपण आलो की आजूबाजूचे पक्षी गप्प होतात किंवा धोक्याचा आवाज काढतात, शेकरू फांदीवरून कडकड करत राहतं. मग हळूहळू एकेकाचा नेहमीचा आवाज सुरू होतो. तो सुरू झाला की समजावं, रानाने आपल्याला सोडून दिलं. कानांना हे कळायला लागलं की डोळ्यांना काही दिसलं नाही तरी बैठक वाया जात नाही.

आणि जागा बदलत राहू नका. यात मी फार आग्रही आहे. आज बोंडला, उद्या खोतिगाव, परवा नेत्रावळी असं केलं की ती सहल होते. एकच जागा धरा आणि तिथेच पुन्हा पुन्हा जा. तुमच्या तालुक्यात सावईवेरें, केरी भागात कुळागरं आहेत. ओळखीतल्या कुणाचं तरी कुळागर असेलच. पोफळी, जायफळ, मिरवेल, वाहतं पाणी आणि वर शेकरू. मालकाची परवानगी घ्या, एक झाड निवडा, आठवड्यातून दोन सकाळी त्याच झाडाखाली बसा. काही आठवड्यांत तिथल्या शेकरूचा रोजचा रस्ता तुम्हाला पाठ होईल, कुठल्या फांदीवरून कुठे उडी घेतं, कुठे थांबून दोन्ही हातांत फळ धरून खातं. त्याच्या दिवसाला एक घडी आहे, तिच्यात आपण कुठेच नाही, आणि तरी ती रोज नीट चालते. माझ्यापुरती सगळ्यात मोठी शांती यात आहे.

पौष-माघानंतर धनेशांची वीण सुरू होते. दूरवरून एखादी ढोली बघायला मिळाली तर ती संधी दवडू नका. मादी ढोलीत शिरते आणि विष्ठेने, फळांच्या गराने तोंड लिंपून घेते, नुसती एक उभी फट ठेवते. मग आठवड्यांमागून आठवडे ती आत. अंडी, पिल्लं, स्वतःची जुनी पिसं टाकून नवी येणं, सगळं त्या अंधारात. बाहेर नर. पंखांचा घोंघावता आवाज आधी येतो, मग तो येऊन खोडाला धरतो, मान मागे घेतो आणि घशातून एकेक फळ वर काढत चोचीच्या टोकावर आणून फटीतून आत देतो. वडाची, उंबराची फळं. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. आतून चोचीचं फक्त टोक दिसतं. फळं संपली की तो क्षणभर थांबतो आणि उडून जातो, पुन्हा फळांच्या झाडाकडे. एका ताईंना मी हे लांबून दाखवलं होतं, त्यांचेही यजमान गेलेले. त्या खूप रडल्या. मी काही बोललो नाही, त्यांनीही मागाहून काही सांगितलं नाही, पण त्या पुढच्या हंगामातही आल्या.

इथे एक गोष्ट अगदी कडक शब्दांत सांगायला हवी. ढोलीच्या जवळ कुणी उभं असलं तर नर येत नाही. तो लांबच्या झाडावर बसून राहतो, आणि तेवढा वेळ आतली मादी आणि पिल्लं उपाशी. म्हणजे तुमच्या शांतीसाठी त्यांची उपासमार. फोटोसाठी ढोलीखाली घोळका करणारी माणसं मी पाहतो तेव्हा मला मनापासून राग येतो. जनावराने तुमच्यामुळे आपलं काम थांबवलं की तुम्ही फार जवळ आलात, एवढा एकच नियम लक्षात ठेवा. मागे सरका, ते पुन्हा कामाला लागेपर्यंत मागे सरका.

आता बेडकाचं. तुमच्या पत्रातला हाच भाग मला सर्वांत खरा वाटला.

दिवड बिनविषारी आहे, विहिरीत, शेतात, नाल्यात राहतो, आणि बेडूक-मासे हेच त्याचं अन्न. बेडूक गिळताना त्याला वेळ लागतो, बेडूक ओरडतो, आणि तो आवाज ऐकवत नाही. तुम्हाला त्रास झाला यात काही चुकलं नाही. न होता तर मला काळजी वाटली असती. रानात शांती मिळते म्हणजे तिथे सगळं गोड असतं असं सांगणाऱ्यांनी पुरेसा वेळ रानात काढलेला नसतो. कोळसुंद्यांनी सांबर धरलेलं मी ऐकलं आहे, गरुडाच्या पायात माकडाचं पिल्लू पाहिलं आहे. त्या वेळी पोटात कालवतं. पण थोडं थांबून राहिलं तर आणखी काही दिसतं. दिवड बेडकावर रागावलेला नसतो. त्याने कालचा हिशेब ठेवलेला नसतो. आणि शेजारचा दुसरा बेडूक, जो तेवढ्यापुरता पाण्यात गेलेला असतो, तो थोड्या वेळाने वर येऊन पुन्हा ओरडायला लागतो. ते मन घट्ट करणं नसतं. तो जगत असतो, एवढंच.

यजमानांच्या जाण्याशी याची तुलना मी करणार नाही. माणसाचं जाणं वेगळं आहे. पण मरण ही आपल्याच घरावर आलेली शिक्षा आहे असं जे मनाच्या तळाशी बसलेलं असतं, ते रानात बसून सैल होतं. तिथे मरण रोज आहे आणि ते कुणाला शिक्षा म्हणून येत नाही. पुन्हा तसं काही दिसलं तर सोडवायला धावू नका आणि उठून पळूही नका. श्वास चालू आहे तिकडे लक्ष ठेवा, आणि डोळे भरून आले तर येऊ द्यात.

अध्यात्म म्हणायचं का? आपल्याकडे दत्तगुरूंनी चोवीस गुरू केले, त्यांत कबुतर आहे, अजगर आहे, मधमाशी, हरीण, मासा, कोळी आहे. म्हणजे जनावराकडे बघून शिकणं ही काही बाहेरून आलेली कल्पना नाही. त्यांतला कुरर पक्षी मांसाचा तुकडा घेऊन उडत असतो, दुसरे पक्षी त्याच्यामागे लागतात, तो तुकडा टाकून देतो आणि सुटतो. ही गोष्ट मी लहानपणी कीर्तनात ऐकली होती. मांडवीवर घारी बघा. एकीने मासा उचलला की बाकीच्या तिच्यावर तुटून पडतात, आणि मासा सुटून पाण्यात पडला की क्षणात तिचा पाठलाग थांबतो. कुणीतरी असंच तासन् तास आकाशाकडे बघत बसल्याशिवाय ही गोष्ट सुचलेली नसणार.

आणि ही नाती आपल्या गावांत आजही आहेत. तुमच्या दुर्भाटला माणगें थापणी, म्हणजे चिखलाच्या मगरीची पूजा, होते ती पाहिली नसेल तर येत्या पौषातल्या अमावास्येला जरूर पाहा. कुंभारजुव्याच्या कालव्यात आणि जुवारीच्या काठच्या खाजनांत, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांत, मगरी आहेत. मगर खरं तर गोड्या पाण्यातली, पण इथे ती खाऱ्या पाण्यातही राहते. लोक बांधावर चिखलाची मगर घडवतात, काड्यांचे दात, पाठीवर खवल्यांच्या जागी शिंपल्या, तिची पूजा करतात. बांध फुटला तर खारं पाणी शेतात शिरतं आणि वर्षाचं पीक जातं, म्हणून बांधाची राखण तिच्याकडे सोपवायची. जी माणसाला ओढून नेऊ शकते तिलाच राखणदार म्हणायचं, आणि भीतीसकट तिच्या शेजारी शेती करायची. शेजारी ठेवायला जमणाऱ्या या भीतीला मी अध्यात्मच म्हणतो. सत्तरी, सांगे, काणकोण भागात वाघ्रोचे, म्हणजे वाघदेवाचे, पाषाण आहेत, तेही यातलेच.

पण याच सत्तरीत, म्हादईच्या रानात, गोळावलीला जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. ते दिवस मी विसरू शकत नाही. ज्याची गुरं वाघाने मारली त्या घराचं दुःखही खोटं नव्हतं. आपण रानातून शांती घेऊन घरी येतो, आणि त्याच रानाच्या कडेला कुणाची केळी, कुणाचं वायंगणी भात गव्यांनी एका रात्रीत फस्त केलेलं असतं. त्यांची अडचण आपल्या लेखी नसेल तर आपली शांती उसनी आहे. रानाकडेच्या गावात बसायला गेलात तर तिथल्या माणसांशी बोला, त्यांच्याकडून भाजी-नारळ विकत घ्या, नुकसानभरपाईचे अर्ज भरायला मदत लागली तर ती करा. निवृत्त शिक्षिकेला अर्ज भरून देणं जड नाही, आणि माझ्या मते ती साधनाच आहे. कुणी मला 'याची कसोटी काय' असं विचारलं तर मी एवढंच बघतो: रानातून आलेला माणूस घरच्यांशी मऊ बोलतो की आपण काय पाहिलं याची फुशारकी मारतो.

पुण्याच्या नावाने होणाऱ्या एका गोष्टीबद्दल बोलायला हवं. मुक्या जनावराला खाऊ घातलं की बरं वाटतं, हे खरं. पण चोर्ला घाटात, अनमोडला गाडी थांबवून माकडांना केळी-वेफर्स टाकणारी माणसं त्या माकडांना रस्त्यावर आणतात. ती गाड्यांखाली येतात, माणसांच्या अंगावर यायला शिकतात, आणि मग त्यांनाच पकडून नेतात. काही देऊ नका. तसंच पक्ष्याचा आवाज फोनवर वाजवून त्याला बोलावणं: तो येतो ते आपल्या हद्दीत परका शिरला या घाबऱ्याने येतो. होडीतून डॉल्फिनांचा पाठलाग करणंही मला पटत नाही. किनाऱ्यावरच्या उंच जागेवरून शांत समुद्रात त्यांच्या पाठी बघा, कमी दिसेल पण ते आपल्या मर्जीने आलेले असतील. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे नोव्हेंबरपासून समुद्रकासवं अंडी घालायला येतात. तिथे वनखात्याची माणसं सांगतील तेवढंच आणि तसंच बघायचं, बॅटरी आणि फ्लॅश अजिबात नको.

तब्येतीच्या दृष्टीने एक गंभीर सूचना. सत्तरीत २०१५ पासून माकडताप आहे. रानातल्या गोचिडींमुळे तो होतो आणि साधारण डिसेंबर ते मेपर्यंत त्याचा जोर असतो. त्या दिवसांत सत्तरीच्या रानात पाचोळ्यावर बसू नका, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मोजे घाला, घरी येऊन अंग तपासा आणि गरम पाण्याने आंघोळ करा. कुठे माकड मेलेलं दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. रानात जाऊन आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना 'मी रानात गेले होते' हे आधी सांगा. गवा समोर आला तर सरळ न पळता हळूहळू मागे व्हा आणि झाडाचा आडोसा घ्या. एकटा फिरणारा थोराड नर आणि वासरू असलेली गाय यांच्यापासून तर फार लांब राहा. कुंभारजुव्याच्या काठाला चिखलात उतरायचं नाही, मगर बघायची ती थंडीतल्या सकाळी बांधावरून किंवा होडीतून, ती उन्हाला तोंड उघडून पडलेली असते तेव्हा. अभयारण्यात शिरताना वनखात्याची परवानगी लागते, आणि पावसाळ्यात ओढे-धबधब्यांकडे जाण्यावर बंधनं येतात, तेव्हा नाक्यावर विचारूनच पुढे जा.

आणखी एक, धाकट्या भावाच्या नात्याने सांगतो. झोप अजिबात लागत नसेल, जेवण तुटलं असेल, जगायची इच्छाच होत नसेल, तर रानाच्या भरवशावर राहू नका. मनाच्या डॉक्टरांना भेटा. त्यांचं औषध आणि रानात बसणं एकत्र चालतं, एकाने दुसऱ्याला बाधा येत नाही.

पावसाळ्यात बाहेर पडणं झालं नाही तरी बिघडत नाही. मिरगानंतर घराच्या सोप्यावर रात्री दिवे मालवून बसा आणि बेडकांचे आवाज वेगवेगळे ओळखायचा प्रयत्न करा. पहाटे ओढ्याच्या बाजूने शीळकरी कस्तुराची शीळ येईल, माणूस रमतगमत शीळ घालत चालल्याचा भास होतो. ती ऐकायला कुठे जावं लागत नाही. गणपती झाले, पाऊस सरला की कुळागरात बसायला लागा. दिवाळीनंतर ओहोटी सकाळच्या वेळेला असेल असा दिवस धरून चोडणला जा. भरती-ओहोटीची वेळ कालनिर्णयात नसली तर फेरीबोटीवरच्या माणसांना विचारा, त्यांना ती तोंडपाठ असते. रविवार टाळा, गर्दी असते. मुलाला सोबत न्यायला हरकत नाही, पण दोघांनी शेजारी बसू नका, एकमेकांना दिसाल एवढ्या अंतरावर बसा, आणि फोन गाडीत ठेवा. पुढे गुडघ्यांनी साथ दिली तर खोतिगावला पाणवठ्याजवळ झाडावरचं मचाण आहे. त्याच्या शिड्या चढवतील की नाही ते बघून ठरवा. नाही चढवल्या तर खालीही बसायला जागा आहे, तिथल्या वनरक्षकांना विचारून बसा.